कुंदा म्हणे डोळे मिटून खायचा!

आज शनिवार. आमच्या ऑफिसला शनिवारी अर्धा दिवस असतो हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, कारण शनिवारी दुपारीच मी फोन उचलते. तर ती अर्ध्या दिवसाची सुट्टी आज साहेबांनी काढून घेतली. कशासाठी? आम्ही आनंदी व्हावं म्हणून!

इथं बेळगावात टिळकवाडीतल्या एका एसी हॉलमध्ये सगळ्या शाखांच्या लोकांना नेऊन बसवलं. बेंगळूरहून एक तरुण वक्ता आला होता. मुलगा वाईट नव्हता, दोन वाक्यं मराठीत बोलायचा प्रयत्नही केला बिचाऱ्यानं. पडद्यावर फिनलंडचे फोटो. जगात सगळ्यात आनंदी देश, 2018 पासून दरवर्षी पहिला नंबर. आणि आपण? 2025 च्या यादीत 118. मग एक शिडी दाखवली, शून्यापासून दहापर्यंत, आणि आपण कुठल्या पायरीवर आहोत ते कागदावर लिहा म्हणाला. माझ्या शेजारच्या कॅशियरनं आठ लिहिलं, कारण साहेब नेमके तिच्या मागं उभे होते.

त्यानंतर आपला खव्याचा गोड कुंदा आला. आता बेळगावच्या माणसाला कुंदा कसा खायचा हे कोणी शिकवावं? पण शिकवलं. डोळे मिटा, छोटा घास जिभेवर ठेवा, लगेच गिळू नका, फक्त चवीकडं लक्ष द्या, मनात दुसरा विचार आणू नका. हॉलभर बायकापुरुष तोंडात कुंदा धरून डोळे मिटून बसलेले! मला हसू आवरेना. अहो, कुंदा खाताना आपण गप्प बसतो का कधी? खवा जास्त भाजलाय की कमी, कुठल्या दुकानातला, मागल्या वेळचा कसा होता, हे बोलल्याशिवाय तो गळ्याखाली उतरत नाही आपल्या.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण मग त्यानं विचारलं, लहानपणीचा एखादा आनंदाचा प्रसंग कोण सांगेल? कोणी हात वर करेना, तेव्हा मी केला.

मी खासबागची हे जुन्या मैत्रिणींना ठाऊक आहे. आमच्या गल्लीत घरोघरी पॉवरलूम. पहाटेपासून रात्रीपर्यंत खटखटाट. आमच्याकडची माणसं मोठ्यानं बोलतात म्हणून नावं ठेवतात ना, त्याचं कारण हेच, मागाच्या वर आवाज चढवल्याशिवाय शेजारच्याला ऐकूच जायचं नाही. आणि संध्याकाळी लाईट गेली की सगळी गल्ली एकदम थांबायची. पहिली काही मिनिटं लोक सवयीनं ओरडूनच बोलत. अण्णा गळ्यातला टॉवेल झटकत बाहेर येऊन कट्ट्यावर बसायचे. समोरची कन्नड आज्जी परातभर चिरमुरे घेऊन यायची, कांदा-मिरची घातलेले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'बर्री, कुंद्री' म्हणून बसवायची. कोणी कन्नडमध्ये विचारायचं, अण्णा मराठीत उत्तर द्यायचे, मध्येच तेलुगू. आम्ही पोरं अंधारात लपाछपी खेळायचो. अण्णांना मी पोट धरून हसताना बघितलंय ते त्या कट्ट्यावरच.

एवढं सांगितलं. तर तो मुलगा म्हणाला, 'ब्यूटिफुल! बघा, पैसा नसतानाही आनंद!' आणि टाळ्या. साहेबांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. वाजवणारच. यंदा पगारवाढ झालेली नाही, त्यांना दुसरं काय हवं होतं?

तेव्हा टाळ्यांच्या आवाजात बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहिते. माझ्या अण्णांना साडीवर मजुरी होती. माग थांबला की मजुरी थांबली. ज्या संध्याकाळी ते कट्ट्यावर हसत होते, त्या संध्याकाळची साडी अर्धीच राहायची आणि आठवड्याच्या हिशेबात तेवढे पैसे कमी यायचे. लाईट रात्री उशिरा आली तर ते तेव्हा उठून मागावर जायचे, आणि आम्ही त्या खटखटाटात परत झोपी जायचो. हे त्या टाळ्यांमध्ये कुठं बसलं? गरिबीमुळं आनंद होता असं मी म्हटलंच नव्हतं. मालक असो, मजूर असो, त्या तासाभरात कोणी कोणाकडून काम काढून घेऊ शकत नव्हतं, आणि सगळे एकाच वेळी मोकळे होते, म्हणून आनंद होता. ज्यानं माझी शनिवारची दुपार घेतली त्यानं मला समाधानाचं शिकवू नये. समाधान मानून घ्या हे आपल्याला 1956 पासून सगळेच सांगतायत, 2004 पासून तर आपलं सीमाप्रश्नाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात पडून आहे, आता ऑफिसनंही तेच सांगायला सुरुवात केली.

बरं, सगळंच टाकाऊ होतं असं नाही. त्यानंच सांगितलं की हार्वर्डवाले 1938 पासून काही माणसांचं आयुष्य बघत आलेत आणि त्यातून निघालं काय, तर जवळची माणसं असली की माणूस सुखी आणि धडधाकट राहतो. ते आमच्या चिरमुरेवाल्या आज्जीला विचारलं असतं तरी कळलं असतं, पण असो, खरं आहे. आणि आमच्यातली एक जण रडली. दोन मुलं, आजारी सासरे, रोज खानापूरहून येणं-जाणं. 'तू कशी आहेस' असं बऱ्याच दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं म्हणाली. ती रडली ते बरं झालं. पण आम्ही तिच्या शेजारी बसून काम करतो, तिच्याशी बोलायला आम्हाला वेळ का मिळत नाही, हा प्रश्न कोणी पडद्यावर दाखवला नाही.

घरी आल्यावर आईला फोन केला. तिला म्हटलं, त्या लाईट जायच्या संध्याकाळी आठवतात का गे? ती म्हणाली, 'आठवतात की. तुझे अण्णा बाहेर हसत बसायचे आणि मी आत कंदील लावून मागाच्या धाग्याच्या कांड्या भरत बसायचे, लाईट आल्यावर खोळंबा नको म्हणून.' मी गप्पच. मग तीच म्हणाली, 'पण आज्जी सोडायची नाही मला. हाताला धरून बाहेर आणायची. कांड्यांची पाटी घेऊनच बसायचे मग कट्ट्यावर.'

हे ऐकल्यापासून राग जरा उतरलाय, आणि डोक्यात कुमार गंधर्व आलेत. आपल्या सुळेभावीचे. क्षयामुळं काही वर्षं गाणं बंद, देवासला अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं ऐकत होते, आणि पुढं तीच त्यांच्या गाण्यात आली. ही गोष्ट सांगताना सगळे त्यांच्या जिद्दीवर बोलतात. त्यांच्या पत्नी भानुमतीबाई त्या काळात नोकरी करून घर चालवत होत्या, ते एका वाक्यात उरकतात. कोणाच्या निवांतपणाखाली कोणाच्या तरी कांड्या भरल्या जातातच. म्हणून मला त्या आज्जीचं कौतुक. तिनं आईला या आनंद शिकवणाऱ्यांसारखं 'तीन चांगल्या गोष्टी वहीत लिही' म्हटलं नाही, हाताला धरून बाहेर आणलं.

आता खासबागेत तसं काही राहिलं नाही म्हणून गळे काढणार नाही. 2019 च्या पावसात आमच्या मागांत पाणी गेलं, भावानं त्यानंतर ते विकले, आज तो दुसऱ्याच्या दुकानात आहे आणि त्याला पाठदुखी नाही. लाईट जायला हवी असंही म्हणत नाही, फ्रीजमधलं दूध नासतं. पण पुढच्या शनिवारी दुपारी मी माझ्या दारात खुर्च्या टाकतेय. चिरमुरे मी करीन. खानापूरवाल्या मैत्रिणीला सांगितलंय, संध्याकाळच्या गाडीनं जा म्हणून. अनगोळ, टिळकवाडीतल्या कोणाला यायचं असेल तर या. येताना कांदा आणा, महाग झालाय.

आणि खाली 'पॉझिटिव्ह राहा ताई' असं कोणी लिहिलं तर ब्लॉक करीन, आधीच सांगून ठेवते.