खायचा नाही, बघायचा

काल सकाळी चोडणहून रायबंदरला जाणाऱ्या फेरीबोटीत, भर पावसात, निदान चाळीस माणसांच्या साक्षीने एका बाईने मला माझ्या माशाचा भाव विचारला आणि मी तो सांगितला. चूक तिथेच झाली. गोव्यात कोणी मासळीचा भाव विचारला तर खरा आकडा सांगायचा नसतो, निम्मा सांगायचा असतो आणि वर 'महागच पडली' म्हणायचं असतं. पण माझ्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक केशरी मासा, आणि पिशवी फुटलीच तर म्हणून खाली ओंजळ धरून उभी असलेली माझी नऊ वर्षांची मुलगी. अशा अवस्थेत माणूस खरं बोलून जातो.

हा मासा घरी कसा आला ते थोडक्यात आटपतो. मुलीचा वाढदिवस, पणजीतलं दुकान, दोन फुटी काचेची टाकी, रंगीत खडी, बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा खजिना आणि तीन गोल्डफिश. सगळं एकाच दिवशी, एकाच पावतीवर. पहिल्या दोघांची नावं हिरू आणि निरू. तिसऱ्याचं शेवटो. शेवटो हा गोव्याचा राज्यमासा आहे, २०१६ साली तसं जाहीर झालं, आणि मुलीला हे शाळेत नुकतंच शिकवलं होतं. गोल्डफिश आणि शेवटो यांचा काही संबंध नाही, हे मी तिला समजावलं. तिने ऐकलं नाही. सातव्या दिवशी हिरू गेला, आठव्या दिवशी निरू, आणि शेवटो खरोखरच शेवटचा उरला. आता नाव बदलू या म्हणावं तर तेही बरं दिसेना.

अकराव्या दिवशी शेवटो पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकायला लागला. पर अंगाला चिकटलेले, शेपटीत लाल रेघा. मी गुरांच्या दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी 'वजन किती?' असं विचारलं. मी म्हणालो, बारा. 'बारा किलो?' नाही, ग्रॅम. त्यानंतर फोन कट झाला की केला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. शेवटी शाळेत अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकला. कारण: घरी आजारपण. यात एकही शब्द खोटा नव्हता.

आता काळवेळ लक्षात घ्या. जुलैचा मध्य. १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस ट्रॉलर बंद. बाजारात बांगडा दिसला तर माणसं फोटो काढतात अशी परिस्थिती. ज्यांनी मे महिन्यात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं खारं (सुकवलेली, खारवलेली मासळी) भरून ठेवलं ते त्यावर दिवस काढतात, ज्यांनी नाही ठेवलं ते शेजाऱ्यांकडे बघत. अशा फेरीबोटीत मी जिवंत मासा घेऊन चढलो. उपासाच्या पंगतीत एकाच पानावर श्रीखंड वाढलं की जे होतं ते झालं. आधी दोन स्कूटरवाले वळले, मग कॉलेजची पोरं, मग रेनकोटातून फक्त डोळे दिसणारे एक आजोबा. पण बोललं कोणीच नाही. बोलली ती खाऱ्याची मावशी.

मावशी इंजिनाच्या बाजूला पाटली, म्हणजे टोपली, पुढ्यात घेऊन बसली होती. पाटलीवर निळं प्लास्टिक, प्लास्टिकखाली सुके बांगडे, गालमो म्हणजे सुकी बारीक कोळंबी, एका कोपऱ्यात सोलं. पणजीच्या बाजारात विकायला निघाली असावी. तिने मला जवळ बोलावलं नाही, फक्त बोट वाकडं केलं. मी गेलो. कोणीही गेलं असतं, असा तो वाकडेपणा होता.

"कितें रे तें, पुता? नुस्तें?"

नुस्तें म्हणजे मासळी. मी हो म्हणालो.

"जिवें?"

"जिवें. मातशें दुयेंत आसा." दुयेंत म्हणजे आजारी. हा शब्द मी माशासाठी आयुष्यात पहिल्यांदा वापरला, आणि तोंडातून निघता निघताच कळलं की चुकलं.

मावशीने पिशवी हातात घेतली. घेतली म्हणजे माझ्या हातातून काढली. उजेडाकडे धरली, तिरकी केली, शेवटोच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. मग पिशवीच्या बाहेरूनच त्याच्या पोटाला अंगठा लावून दाबून बघितलं. मुलगी किंचाळली. मावशीने लक्ष दिलं नाही. तीसेक वर्षं जो अंगठा बांगड्यांच्या पोटावर बसलाय, त्याला पोरीची किंकाळी काय.

"ताजें आसा," तिने निकाल दिला.

पोहणाऱ्या माशाला ताजेपणाचं प्रमाणपत्र मिळाल्यावर काय बोलायचं असतं ते मला सुचलं नाही. मी 'देव बरें करूं' म्हणालो.

"कितल्याक घेतलें?"

इथे मी तो आकडा सांगितला. एकशे वीस.

"एका नुस्त्याक?" मावशीने पिशवी पुन्हा वर धरली, बारा ग्रॅममध्ये एकशे वीस रुपये कुठे दडलेत ते शोधल्यासारखी. "हाच्यो फोडी कितल्यो पडटल्यो?"

मी म्हणालो, मावशे, हें खावपाचें न्हय.

"मागीर कित्याक?"

"पळोवपाक." बघायला.

फेरीबोटीचं इंजिन मोठं असतं, पण मावशीचा आवाज त्याहून मोठा. "पळोवपाक!" ती म्हणाली. मला नव्हे, बोटीला. तिच्या तोंडून तो शब्द एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि माणसामाणसाला टेकून परत आला. रेनकोटातल्या आजोबांनी तो शेजारच्याला समजावून सांगितला. शेजारचा चोडणचाच होता, त्याला कोंकणी समजावण्याची काही गरज नव्हती, पण आजोबांना तो शब्द एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणून बघायचा होता. अख्ख्या बोटीत मी, छत्री आणि पळोवपाकचा मासा.

"आनी आतां खंय व्हरता?"

दाखवायला नेतोय, असं मी पुटपुटलो. यावर मावशी थोडा वेळ गप्प बसली. मांडवीकडे बघत राहिली. मग खरोखर हळहळून म्हणाली, "म्हज्या घोवाक लेगीत हांवें अशें केन्ना व्हरूंक ना." म्हणजे स्वतःच्या नवऱ्यालाही तिने असं कधी नेलेलं नाही. यात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

रायबंदर जवळ आलं तशी तिने पाटलीतून एक पुडी काढली. खडेमीठ, आगरातलं, राखाडी झाक असलेलं, ओलसर. हें घाल उदकांत, म्हणाली. मी मनात म्हटलं, झालं, बाईला मासा दिसला की मीठच सुचणार, हा अजून मेलाही नाही आणि हिचं खारवणं सुरू. पैसे विचारले तर मिठाचे नकोत म्हणाली. पण गालमोचं एक पाकीट माझ्या हातात ठेवून त्याचे ऐंशी मात्र घेतले. फुकट मीठ मला ऐंशीला पडलं, हे पणजीला पोहोचल्यावर ध्यानात आलं.

दुकानातला मुलगा विशीतला, कानात इअरफोन. एक कानच रिकामा, त्या कानाने माझं गाऱ्हाणं ऐकलं. पिशवीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, बाटलीतून थेंब टाकले, हलवलं. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते हिरवं झालं. करवंदीच्या पानासारखं गडद हिरवं.

"अमोनिया," तो म्हणाला. "टाकी सायकल नाही झाली."

मी विचारलं, म्हणजे काय? आणि हा प्रश्न मला जन्मभर छळणार आहे. कारण त्याने इअरफोन काढला आणि मला समजावून सांगितलं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात, जमायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासा स्वतःच्याच घाणीत भाजत असतो.

"स्पंज धुतला?"

धुतला. दोनदा. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं म्हणून अख्खी टाकी रिकामी करून, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून नवा कोरा केला. पावसाळ्यात आमच्या नळाच्या पाण्याला क्लोरीनचा असा वास येतो की चहाला वेगळी साखर घातली तरी कळत नाही. जे चार जिवाणू बिचारे वस्तीला आले असतील, ते मी माझ्या हाताने मारले. शिवाय आई येता-जाता 'उपाशी दिसतं गं' म्हणून दाणे टाकायची. गोल्डफिशला जठरच नसतं, त्यामुळे तो कायमच उपाशी दिसतो, हे मी आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, मग तर जास्तच घालायला हवं.

"तुम्ही करता काय?" मुलाने विचारलं. सहज विचारलं होतं.

"बँकेत आहे," मी म्हणालो.

"बाबा सायन्स शिकवतात," मुलगी म्हणाली. "आठवीला."

वीस वर्षं. वीस वर्षं मी फळ्यावर नायट्रोजन चक्र काढतोय. वर ढग, वीज, खाली गाय, बाजूला चवळीचं झाड, मुळांवर गाठी, आणि सगळीकडे बाण. एक बाण चुकला तर अर्धा मार्क कापतो. त्या चित्रात मासा नाही, हे कबूल. पण बाण तेच होते.

राग आला तो मला माझा आला, आणि तो काढायला समोर होता तो मुलगा. मी म्हणालो, एवढं सगळं माहीत आहे तर त्याच दिवशी टाकी आणि मासे दोन्ही का विकलेस? आणि पन्नास लिटरमध्ये तीन का दिलेस? तो म्हणाला, "तुम्ही मागितले." एवढंच. हे मला अजून पटत नाही. उद्या मी औषधाच्या दुकानात जाऊन झोपेच्या गोळ्यांची बाटली मागितली तर? माशाला डिस्चार्ज कार्ड नसतं, तक्रार करणारे नातेवाईक नसतात, म्हणून हे चालतं. मेला तर माणूस दुसरा घ्यायला येतो, एकशे वीस घेऊन. दोन तर गेलेच होते. मी बाहेर पडायला लागलो तेव्हा तो आणखी तीन रंगीत बाटल्या काउंटरवर मांडत होता.

"हे काही नको असेल तर निम्मं पाणी बदला, क्लोरीन मारणारे थेंब घालून," तो मागून म्हणाला. "आणि मीठ घाला. लिटरला एक ग्रॅम. खडेमीठ."

मीठ.

मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून मीठ. हे कारण मला घरी आल्यावर समजलं, मावशीला न समजताच माहीत होतं. पुडी माझ्या खिशातच होती, ओल सुटून पँटला पांढरा डाग पडला होता. परतीच्या बोटीत मावशी नव्हती. बरं झालं. तरी दोघांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं आणि त्यात 'पळोवपाक' होतं, एवढं मला पैज लावून सांगता येईल.

घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पन्नास ग्रॅम मीठ मोजलं, बालदीत विरघळवलं, थोडं थोडं करून टाकीत सोडलं. स्पंजला हात लावला नाही. आईने दाण्याच्या डबीकडे बघितलं, मी आईकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत शेवटो एक वीत खाली उतरला होता. मुलीच्या मते दोन विती.

रात्री ऐंशी रुपये वाया जाऊ नयेत म्हणून बायकोने गालमो भाजून किसमूर केलं. खोबरं, कांदा, कोकमाचं आगळ, वरून हिरवी मिरची. पावसात किसमुराचा वास घरभर फिरतो आणि माणसाला सगळं विसरायला लावतो. पानं वाढली, मी पहिला घास उचलला, तर मुलगी उठली. न्हाणीघरातून मोठा टॉवेल आणला आणि टाकीवर चारही बाजूंनी नीट पांघरला. कोपरे खडीच्या रिकाम्या पिशवीने दाबले.

"आता जेवा," ती म्हणाली. आणि स्वतः दोनदा किसमूर मागून घेतलं.