ओळ ठळक केली की शीर्षक होतं का? गुहागरच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

शीर्षकाला वर्डची तयार ‘हेडिंग’ स्टाइलच लावा, या माझ्या सांगण्यावरची तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन सुटका करून घेत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : घराण्याचा कुलवृत्तांत तुम्ही वर्डमध्ये घरीच टाइप करताय. ओळ ठळक करून अक्षर १६ चं केलं की शीर्षक झालं, छापल्यावर कुणाला काय कळतंय? ‘हेडिंग १’ दाबलं की ओळ निळी होते आणि मराठी अक्षर भलतंच येतं. पिढ्या अकरा आणि वर्डकडे हेडिंग नऊच. वाचणारी माणसं आहेत, कॉम्प्युटर नव्हे. मग म्हाताऱ्या माणसांना हा धाक कशाला?

पिढ्यांचा मुद्दा आधी घेते, कारण तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत तोच सगळ्यात मोलाचा आहे. वर्डमध्ये हेडिंगच्या पातळ्या नऊच, हे बरोबर. पण तुम्ही मूळ पुरुषाला हेडिंग १, त्याच्या मुलाला २, नातवाला ३ असं लावायला गेलात, तिथे गाडी अडली. पिढी वेगळी आणि पातळी वेगळी. ग्रंथाचा कुठला भाग कुठल्या भागाच्या पोटात येतो, एवढंच पातळी सांगते. नातवाची माहिती आजोबांच्या माहितीच्या पोटात नसते, ती तिच्यानंतर येते. तेव्हा ‘घराणे तिसरे : हेदवी’ याला हेडिंग १ द्या, त्यातल्या शाखेला २ आणि प्रत्येक व्यक्तीच्या नावाला ३, मग ती व्यक्ती दुसऱ्या पिढीतली असो की अकराव्या. पिढीचा आकडा नावाआधी लिहा. अनुक्रमणिकेत शेकडो नावं येतील ही भीती असेल, तर अनुक्रमणिका घालताना दोनच पातळ्या दाखवायला सांगा. व्ह्यू मधलं नॅव्हिगेशन पेन उघडलंत तर डाव्या बाजूला मात्र सगळी नावं ओळीने मिळतात आणि नावावर क्लिक केलं की थेट त्या पानावर जाता येतं. एवढ्या मोठ्या फाइलमध्ये स्क्रोल करत माणूस शोधणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे.

आता छापल्यावर फरक दिसत नाही, हे. दिसतो, काका. आमच्या रत्नागिरीत कुलवृत्तांतांची आणि देवस्थानांच्या स्मरणिकांची कामं मी करते, त्यात हे सारखं पाहते. फाइल ए-फोरवर टाइप केलेली असते आणि पुस्तक निघायचं असतं डेमी आकारात. पान लहान झालं की एकूण एक पृष्ठक्रमांक बदलतो. अनुक्रमणिका हाताने टाइप केली असेल तर ती पहिल्यापासून पुन्हा करा. त्यातून कुलवृत्तांत म्हटला की शेवटच्या दिवसापर्यंत फोन चालूच : ठाण्याच्या नातीचं नाव राहिलं, सुनेचं माहेरचं गाव कोतवडे नव्हे नेवरे. चार ओळी वाढल्या की पुढची पानं सरकली. शीर्षकं हेडिंग स्टाइलमध्ये असतील तर अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ-९ दाबायचं आणि सगळे आकडे नव्याने भरून घ्यायचे.

दुसरी गोष्ट तर पान उघडताच डोळ्यांत खुपते. पानाच्या अगदी तळाशी ‘शाखा दुसरी : आंजर्ले’ एवढीच ओळ आणि मजकूर पुढच्या पानावर. मग आपण वर तीन-चार एंटर मारून ती ओळ खाली ढकलतो. पुढे मागच्या पानात कुणाचं तरी नाव घातलं जातं, ती ओळ पानाच्या मध्यावर येते आणि तिच्या डोक्यावर ते रिकामे एंटर तसेच राहतात. वर्डच्या हेडिंग स्टाइलमध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ मुळातच चालू असतं, त्यामुळे शीर्षक आपल्या मजकुराला सोडून तळाशी एकटं राहत नाही. ठळक केलेल्या साध्या ओळीला हे बळ नसतं.

वाचणारी माणसं आहेत, हे तुमचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच हा आग्रह. तुमच्या आत्याबाईंना दिसत नाही, नातू वाचून दाखवतो, असं तुम्ही लिहिलंय. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरणारी व्यक्ती ब्राउझ मोडमध्ये एच दाबून एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जाते. ३ दाबलं तर थेट तिसऱ्या पातळीच्या, म्हणजे आपल्या मांडणीत माणसांच्या नावांवर. ठळक सोळाची ओळ मात्र त्या प्रोग्रामच्या लेखी साधा परिच्छेद. तुमच्या घरात ज्याला दिसत नाही त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ऐकतच बसायचं का? माझा जीव खरा तुटतो तो इथे.

पीडीएफचंही तसंच. व्हॉट्सअॅपवर मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना ती जाणारच. सेव्ह अॅज मध्ये पीडीएफ निवडून ऑप्शन्समध्ये हेडिंगवरून बुकमार्क, म्हणजे बाजूला दिसणारी शीर्षकांची यादी, करायची खूण करा. प्रिंटच्या वाटेने पीडीएफ काढलीत तर हे बुकमार्क येत नाहीत.

दोन पानी अर्जाला किंवा देवळाच्या सभेच्या नोटिशीला यातलं काही नको. तिथे खुशाल ठळक करा.

निळ्या रंगाचा तुमचा राग रास्त आहे, पण त्यावर उपाय सोपा आहे. ‘हेडिंग १’ लावलेलं एक शीर्षक तुम्हाला हवं तसं हाताने सजवा : काळा रंग, तुमचा फॉन्ट, तुमचा आकार. ती ओळ निवडा, वरच्या स्टाइलच्या पट्टीत ‘हेडिंग १’ वर राइट क्लिक करा आणि ‘अपडेट हेडिंग १ टू मॅच सिलेक्शन’ निवडा. मराठी अक्षर तरीही हट्ट करत असेल तर त्याच जागी मॉडिफाय, मग फॉरमॅट, मग फॉन्ट. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्टमध्ये धरतो आणि तिचा फॉन्ट नि आकार त्या खिडकीत वेगळ्या चौकटीत असतो. बहुतेक जण फक्त इंग्रजीची चौकट बदलतात आणि स्टाइल बिघडली म्हणून सोडून देतात.

झालेलं टायपिंगही फुकट जात नाही. आधी फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. मग ठळक सोळाच्या एका ओळीत कर्सर ठेवून होममध्ये उजवीकडे सिलेक्टखाली सारख्या फॉरमॅटिंगचा सगळा मजकूर निवडायचा पर्याय आहे, तो घ्या आणि हेडिंग १ दाबा; शाखांना आणि नावांना नंतर २ आणि ३ लावा. एखाद्या ओळीवर जुना साज उरला तर ती निवडून कंट्रोल-स्पेस. मधेच एखादी जन्मतारीखही ठळक सोळाची निघेल, म्हणून नॅव्हिगेशन पेनमध्ये यादी एकदा वरून खाली वाचा. जे शीर्षक नाही त्यावर क्लिक करून नॉर्मल लावा.