बापाचं वयही मोजा

‘पुरुषाचं बीज कधी म्हातारं होत नाही’ हा मेसेज माझ्या मावसबहिणीला तिच्या सासूबाईंनीच पाठवला. ती ३१ची, नवरा ४६चा, दोनदा गर्भ राहून पडलेला. मेसेजच्या शेवटी लिहिलंय की मूल टिकलं नाही तर दोष बाईच्या वयाचा. वाचून डोकंच फिरलं.

मेसेजचा सगळा जोर एका वाक्यावर आहे: ‘शुक्राणू दर अडीच महिन्यांनी नवे तयार होतात, म्हणून ते कायम ताजे.’ शुक्राणू नवे असतात, हे खरं. पण ज्या मूळ पेशींपासून ते बनतात, त्यांचं वय त्या पुरुषाएवढंच असतं. वयात आल्यापासून त्या वर्षाला साधारण २३ वेळा विभागतात आणि प्रत्येक वेळी अख्ख्या डीएनएची नक्कल होते. चुका राहतात, साठत जातात. आइसलँडच्या डीकोड जेनेटिक्स या कंपनीच्या संशोधकांनी ७८ कुटुंबांत आई, वडील आणि मूल यांचे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, ताडून पाहिले. २०१२ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ते छापून आलं. वडिलांचं वय एका वर्षानं वाढलं की मुलात सुमारे दोन नवे जनुकीय बदल जास्त. वीस वर्षांच्या बापाकडून साधारण २५, चाळीस वर्षांच्याकडून ६५. आईकडून आलेले १५च्या आसपास. पुढच्या मोठ्या अभ्यासात आईच्या वयाचाही परिणाम दिसला, पण बापाच्या मानानं बराच कमी.

यातले बहुतेक बदल निरुपद्रवी असतात, घाबरून जायचं कारण नाही. पण हाडांची वाढ खुंटवणारा अकाँड्रोप्लेजिया घ्या. आईवडिलांची उंची नेहमीसारखी असताना मुलात तो येतो, तेव्हा बदल जवळजवळ नेहमी वडिलांकडून आलेला असतो, आणि वडिलांच्या वाढत्या वयाबरोबर त्याची शक्यता वाढते.

मेसेजमधलं ‘डाउन सिंड्रोम आईच्या वयामुळे होतो’ हे बरंचसं खरं आहे, मान्य. म्हणून बाकी सगळं तिच्याच माथी मारायचं? वडील चाळिशीपुढचे असतील तर गर्भपाताचा धोका काहीसा वाढतो, हेही अभ्यासांत दिसलंय.

पुरुषाचा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणे! वीर्याच्या त्या तपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार बघतात, जनुकं नाही. आणि मेसेजमधल्या, सत्तरीत बाप झालेल्या नटांच्या उदाहरणावरून एवढंच कळतं की त्यांना मूल झालं.

बहिणीला सांगितलंय, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे एकटी जाऊ नकोस. भाऊजींना बरोबर ने, आणि त्यांच्या शुक्राणूंमधला डीएनए किती तुटलाय याची तपासणी करावी का, ते त्यांनाच विचारू दे.