तोटी सोडून सगळं सुधारा

अभिनंदन! गावच्या सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीवर तुमची वर्णी लागली म्हणे. कोल्हापूरच्या पाव्हण्यांनी विचारलं तर सांगा, शाळा सुधारणा कमिटी. बेळगाव-खानापूर पट्ट्यात शाळा कशी सुधारतात, हे तुम्हाला आताच कळलेलं बरं. मी त्या कमिटीत खुर्ची उबवून बाहेर पडलोय, अनुभव वाया जायला नको.

सुरुवात पाटीपासून करा. कौलं गळू देत, पाटी आधी. वर कन्नडमध्ये 'सरकारी हिरिय प्राथमिक मराठी शाळे', खाली तेच मराठीत. हिरिय म्हणजे वरच्या इयत्तांची. आमची कमिटी मात्र तो शब्द हिरिरीवरून आलाय असंच धरून भांडते. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, तेही वरच्या बाजूला, असा बदल 2024 मध्ये कर्नाटकच्या कायद्यात झाला. त्याचा रोख मुख्यतः दुकानं-आस्थापनांवर आहे, पण असल्या बारकाव्यात शिरलात तर बैठक दहा मिनिटांत आटोपेल आणि चहासुद्धा यायचा नाही. त्यापेक्षा पेंटरला टेप घेऊन बोलवा. आमच्यात दीड तास मोजामोजी चालली. मराठी अक्षराच्या डोक्यावर रेघ, कन्नडच्या डोक्यावर तलेकट्टू. उंचीत त्या धरायच्या की सोडायच्या, यावर दोन गट पडले. पेंटर बिचारा शिडीवरच बसून राहिला. शेवटी म्हणाला, "अण्णा, रंग वाळायलाय की ओ."

मग भिंतींचा रंग. 2022 मध्ये सरकारने 'विवेक' योजनेतल्या नव्या वर्गखोल्यांना भगवा द्यायचं काढलं तेव्हा सगळ्या राज्यात गहजब झाला. आपल्याकडे तर भगव्याला आणखी एक अर्थ आहे, तो तुम्हाला सांगायला नको. लाल-पिवळा, म्हणजे कन्नड झेंड्याचा रंग दिला तर अर्धं गाव उठेल. म्हणून मी मोठ्या हुशारीने बदामी सुचवला. एक सदस्य ताडकन उठला: बदामी बागलकोट जिल्ह्यात येतं, तो त्यांचा रंग. दुसऱ्याने त्याला गप्प केलं: बदामीच्या चालुक्यांचं राज्य महाराष्ट्रावरही होतं, रंग आपलाच. इतिहासाचा एवढा चांगला तास त्या शाळेत त्याआधी झाला नव्हता. भिंती शेवटी पांढऱ्याच राहिल्या. पावसाळ्यात शेवाळ धरल्यावर हिरव्या झाल्या, तेव्हा मात्र कुणी बोललं नाही.

देणगीदार जपा. आपली पोरं फौजेत आहेत, गोव्यात आहेत, पुण्यात कंपनीत आहेत. जत्रेला आली की शाळेसाठी काहीतरी देऊन जातात. घड्याळ द्या म्हणावं, खुर्च्या द्या म्हणावं, पण नाव घालायला जागा हवी. आमच्या तिसरीच्या वर्गात एक पंखा आहे. पात्यांवर 'कै. आजोबांच्या स्मरणार्थ' असं तांबड्या रंगात आहे. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून देणगीदार गावात असेपर्यंत तो बंद ठेवायचा असा ठरावच आहे. ते गृहस्थ येतात मे महिन्यात. त्यांचा मुक्काम लांबला आणि मेअखेरीला शाळा उघडली, की तिसरीची पोरं वह्यांनी वारा घेतात.

दूध-अंड्यांत फारसं डोकं घालू नका, ते आपसूक चालतं. क्षीरभाग्य योजना 2013 पासून आहे, पोरामागे दीडशे मिली दूध. अंडी 2024 पासून आठवड्याचे सहा दिवस, न खाणाऱ्याला केळं नाहीतर चिक्की. तक्रार एवढीच की दुधाची पावडर येते, तिच्यात घालायचं पाणी येत नाही. स्वयंपाकाच्या मावशी शेजारच्या विहिरीवरून घागर आणतात. पाण्याची टाकी नाही असं म्हणायला मात्र वाव ठेवला नाही. टाकीखाली तीन नळांचा कट्टा आहे, पांढऱ्या फरशा आहेत, उद्घाटनाचा दगडही आहे, तोही दोन्ही भाषांत. मधली तोटी तेवढी पहिल्याच महिन्यात तुटली. पोरांनी तिथे मक्याचं बुरकूंड ठोकलंय. बाकीच्या दोन शाबूत आहेत, कारण त्यांच्यापर्यंत पाईप आलाच नाही.

एक नोव्हेंबर सांभाळा. राज्याचा राज्योत्सव आणि आपला काळा दिन, दोन्ही त्याच तारखेला, 1956 पासूनच्या हिशेबाने. सकाळी पोरं शाळेत नाडगीत, म्हणजे कर्नाटकचं राज्यगीत म्हणतात आणि लाडू घेतात, दहा वाजता बाप दंडाला काळी फीत बांधून बेळगावला फेरीला जातो. दोघं वेशीत समोरासमोर येतात. बाप अर्धा लाडू खातो, पोरगं फीत नीट बांधून देतं. यात तुम्ही पडू नका.

आता महत्त्वाचं. स्वतःची मुलं या शाळेत घालायची चूक करू नका. त्यांना सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये बसवून बेळगावच्या इंग्रजी शाळेत धाडा, मग निवांतपणे मातृभाषेवर बोलायला मोकळे. भाषणात राज्यघटनेचं कलम 350 अ घ्या, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याबद्दलचं. तेही 1956 चंच, टाळ्या हमखास. महाराष्ट्राने 2004 मध्ये सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात दावा घातला, तेही सांगा. तेव्हा पहिलीत बसलेल्या पोरांची लग्नं झाली, त्यातल्या काहींची पोरं परवा त्याच व्हॅनमध्ये चढताना मी पाहिली. पट घसरला की बोट दाखवायला सरकार आहेच. मास्तरांच्या जागा रिकाम्या आहेत, हे तर खरंच आहे. नली-कली या खेळत शिकवायच्या सरकारी योजनेत पहिली ते तिसरी एकत्र बसवतात. आमच्या बाई त्यात चौथीही बसवतात, योजनेच्या एक पाऊल पुढे.

शेवटची गोष्ट कागदांची. वरून येणारा कागद कन्नडमध्ये असतो आणि कमिटीत तो वाचणारं कुणी नसतं. आम्ही सगळे मराठी शाळेतलेच, कन्नड येतं ते बाजारापुरतं आणि बसकंडक्टरपुरतं. माझ्या शेवटच्या बैठकीत असाच एक कागद आला. हेडमास्तर तालुक्याला गेलेले. सात मोठी माणसं तो उलटसुलट करून बघत होती. मग बाहेर ताट विसळणाऱ्या चौथीतल्या एका पोरीला आत बोलावलं. ओले हात परकराला पुसत ती आली आणि घडाघडा कन्नड वाचून मोकळी झाली.

"काय म्हणतंय गं?"

"पाण्याची सोय कशी आहे त्याचा फोटो काढून आजच्या आज पाठवायचा म्हणून लिवलंय की ओ."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी दुसऱ्या शाळेचा फोटो मागवूया म्हणालं. पोरगी थोडा वेळ थांबली, मग म्हणाली, "मी घागर आणतो. मागनं वततो, तुम्ही पुढनं काढा."

तिने बुरकूंड काढलं आणि कट्ट्यामागे वाकून पाईपच्या उघड्या तोंडात घागर लावली. दोनदा अध्यक्षांचं बोट कॅमेऱ्यावर आलं. तिसरा फोटो छान आला. धार जाड आहे, फरशी चमकतेय, दगडावरची दोन्ही भाषांतली नावंही वाचता येतात. पोरगी दिसत नाही.