क्लेम फॉर्मवर कोरी सही करू नका

आपल्याकडे गाडी ठोकली गेली की पहिला फोन गॅरेजवाल्याला, दुसरा एजंटला. विमा कंपनीला कळवायचं कामही त्यांच्याच गळ्यात. मग गॅरेजमध्ये एक फॉर्म पुढे येतो, त्यावर खाली सही होते आणि वरचं सगळं कोरं राहतं. "तुम्ही नका टेन्शन घेऊ, आम्ही भरतो." या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. तो फॉर्म म्हणजे तुमचा जबाब आहे. गाडी कोण चालवत होतं, कुठे, कशासाठी, कशी धडकली, हे सगळं तुमच्या सहीवर कंपनीकडे जातं.

मागच्या पावसाळ्यात पारोळा-एरंडोल रस्त्यावर आमच्या गल्लीतल्या आबांच्या गाडीला रोही (नीलगाय) आडवं आलं. माणसं वाचली, पण पुढचा सगळा भाग आत गेला. गाडी मुलगी चालवत होती, तिच्याकडे लर्निंग लायसन्स. गॅरेजवाला म्हणाला, "आबा, पोरगीनं नाव नका टाकू, क्लेम उडी जाई." आबाही तयार झाले होते. मी पॉलिसी मागून घेतली आणि ड्रायव्हरचं कलम वाचलं. लर्निंगवाल्यालाही विमा लागू असतो, फक्त मोटार वाहन नियमातला नियम ३ पाळलेला हवा: शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा आणि गाडीवर 'एल'ची पाटी हवी. आबा शेजारीच होते आणि जागेवर काढलेल्या फोटोंत पाटीही दिसत होती. खरं तेच लिहिलं, क्लेम पास झाला. आता विचार करा, आबांचं नाव टाकलं असतं आणि रस्त्यावर जमलेल्या गर्दीतल्या कुणाच्या मोबाइलमधला व्हिडिओ नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरसमोर आला असता, तर? जो क्लेम सरळ मिळणार होता तो खोट्या जबाबामुळे गेला असता.

सगळ्याच वेळी खरं सांगून पैसे मिळतात असं नाही, हेही मला माहीत आहे. पांढऱ्या पाटीची गाडी लग्नाच्या भाड्याला लावली आणि तेव्हा ठोकली, तर खासगी पॉलिसी त्यासाठी नसते. पण त्याचा इलाज पॉलिसी घेतानाच करायचा असतो, अपघातानंतर प्रवाशांना पाहुणे म्हणून दाखवून नाही.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो जुन्या गाड्या घेणाऱ्यांसाठी. धुळ्या-जळगावहून सेकंड हँड गाडी घेतात, आरसी बुक नावावर करतात आणि पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहते. "विमा शे ना, मंग कसानी चिंता?" मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग, गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र तसा येत नाही. १४ दिवसांच्या आत कंपनीला अर्ज देऊन पॉलिसी नावावर करून घ्यायची. नाहीतर हप्ता भरलेला, कागद हातात, आणि गाडी दुरुस्तीला एक रुपया नाही. आयुष्यभराची बचत घालून गाडी घेतलेल्या शेतकऱ्याला हे कुणी सांगत नाही, याची मला चीड येते.

नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. फुल पॉलिसीतही घसारा, म्हणजे पार्ट जुने झाल्याबद्दल, किती कापतात, हे मात्र माहीत नसतं. साडेतीन वर्षांची गाडी धरा. बंपर आणि हेडलाइट प्लास्टिकमध्ये धरतात, ते २० हजारांचे असतील तर निम्मे कापले जातात. बॉनेट, फेंडर असे पत्र्याचे पार्ट १६ हजारांचे असतील तर २५ टक्के, म्हणजे ४ हजार गेले. काचेवर घसारा नाही. रंगाच्या मालावर निम्मे. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीची वजावट. म्हणजे १५ हजारांच्या वर खिशातून. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) घेतलेलं असेल तर यातला बराचसा भाग वाचतो. आमच्या रस्त्यांवर रात्री लाइट नसलेले ट्रॅक्टर आणि केळीचे ट्रक बघता, नव्या गाडीला ते घ्यावंच असं मी म्हणेन. आणि कन्नड घाटातून क्रेनने गाडी आणायची वेळ आली तर साध्या पॉलिसीत ओढून नेण्याचे जास्तीत जास्त १५०० रुपये मिळतात, तेही लक्षात ठेवा.

किरकोळ डेंटसाठी मात्र क्लेम करू नका. गॅरेजवाला आग्रह करतो, कारण त्याचं बिल निघतं. समजा, तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर आहे आणि गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८ हजार आहे. एका क्लेमने बोनस शून्यावर येतो आणि मग २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढत जातो. हप्ता तोच धरला तर परत ५० वर येईपर्यंत गमावलेली सूट सुमारे दहा हजारांवर जाते. त्यामुळे चार हजारांचा बंपर स्वतःच्या पैशाने रंगवलेला परवडतो.

आणि क्लेम नाकारला तर "नशीब" म्हणून गप्प बसू नका. नकाराचं कारण लेखी मागा, सर्व्हेअरच्या रिपोर्टची प्रत मागा. फक्त कागद कमी पडले म्हणून क्लेम फेटाळू नये, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या खान्देशासाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, फक्त एका वर्षाच्या आत जावं लागतं. अर्ज मराठीत लिहायला कुणाला मदत हवी असेल तर मला सांगा, रविवारी मी घरीच असतो.