कंपनीला चूक कळली होती, तर मॅन्युअलचं सुधारलेलं पान दडवलं कशाला?

तीन रविवार गेले माझे. एका मायका वॉशरपायी, म्हणजे वीज अडवणाऱ्या एका पातळ चकतीपायी! हे लिहितानाही संताप आवरत नाहीये.

घरात फाइव्ह पॉइंट वनचा, म्हणजे पाच स्पीकर आणि एका वूफरचा म्युझिक सेट आहे, वडिलांनी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेला. पावसाळ्यात इंदिरानगरात लाइटचा लपंडाव सुरू झाला आणि सगळे स्पीकर फाटक्या आवाजात घरघरायला लागले. सर्व्हिस सेंटरवाल्यानं सांगितलं, "पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, ४,८०० रुपये." नक्की काय गेलंय? उत्तर नाही. सर्किटचा कागद मागितला, तर म्हणे कस्टमरला देत नाही.

मग स्वतःच खोललं. सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीअँपच्या ४५५८ आयसीला ८ नंबरच्या पिनवर अधिक १२ व्होल्ट येत होते. ४ नंबरवर उणे १२ हवेत, तिथे शून्य. ते उणे १२ देणारा ७९१२ रेग्युलेटर गेलेला. वीस रुपयांचा पार्ट, आणि हे बोर्ड बदलायला निघाले होते!

खटपट करून सर्व्हिस मॅन्युअल मिळवलं. चित्रात अधिक १२ देणारा ७८१२ आणि हा ७९१२ दोन्ही एकाच हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीवर, थेट स्क्रूनं आवळलेले. जुना काढताना एक पातळ पापुद्रा तुटून पडला होता, पण चित्रात तसलं काही नव्हतं, म्हणून मी चित्रावर विश्वास ठेवला. स्विच टाकला, फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. तपासायला सिरीज बल्ब लावला तर तो फुल्ल पेटला, म्हणजे कुठेतरी शॉर्ट. पुढच्या रविवारी पॉवर सप्लायमधल्या ब्रिजचे डायोड बदलले, फिल्टरचे कपॅसिटर काढून तपासले. पुन्हा तेच. आई वैतागून म्हणाली, "ठेव रे आता ते, शॉक बसेल."

शेवटी बोर्ड घेऊन मेन रोडजवळच्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. काकांनी मल्टीमीटर लावला आणि विचारलं, "७९१२ खालचा मायका कुठंय?" ७८१२ची धातूची पाठ ग्राउंडला असते, ७९१२ची इनपुटला. ग्राउंड केलेल्या हीटसिंकवर मायका आणि स्क्रूभोवतीचा प्लास्टिकचा बुश न घालता तो आवळला की उणे सप्लाय सरळ शॉर्ट.

मग काकांनी ड्रॉवरमधून एक झेरॉक्स काढली. तेच मॉडेल, तेच चित्र, पण त्यात मायकाही दाखवलेला आणि बुशही. खाली लिहिलंय, सुधारित. म्हणजे कंपनीला चूक माहीत होती! दुरुस्त केली आणि आपल्या माणसांपुरती ठेवली. चुकीचं पान मात्र आजही सगळीकडे फिरतंय आणि लोक त्यावर भरवसा ठेवून फ्यूज उडवतायत. डिसेंबर २०२२मध्ये केंद्रानं राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. मग एक दुरुस्त पान लोकांना द्यायला काय जातं यांचं?

काकांनी मायक्याचे आणि बुशचे मिळून दहा रुपये घेतले. सेट परवापासून स्वच्छ वाजतोय. झेरॉक्सची कॉपी काढून आणलीये, सोमवारी त्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ठेवणार आहे आणि ४,८०० कशाचे मागितले होते ते विचारणार आहे.