मज्जारज्जूच्या इजेवरील ‘सुया आणि स्टेम सेल’ या उपचाराबाबत खुलासा

मणक्याला मार लागून पाय लुळे पडलेला रुग्ण अ‍ॅक्युपंक्चर आणि स्टेम सेल एकत्र दिल्यास हमखास चालू लागतो, असा संदेश कोल्हापूर परिसरातील व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

मूळ संशोधन खोटे नाही. चीनमधील संशोधकांनी मज्जारज्जू छेदलेल्या उंदरांत अस्थिमज्जेतील मूळ पेशी (स्टेम सेल) सोडून पाठीच्या मध्यरेषेवरील बिंदूंवर सुयांमधून सौम्य वीजप्रवाह दिला, तेव्हा इजेच्या जागी एनटी-३ हे चेतापोषक प्रथिन वाढले, सोडलेल्या पेशी अधिक टिकल्या आणि मागच्या पायांची हालचाल काही अंशी सुधारली. ‘काही अंशी’ हे शब्द संदेशातून नेमके गळाले आहेत. शिवाय प्रयोगशाळेतला स्वच्छ छेद वेगळा आणि महामार्गावरील अपघातात चिरडलेला मज्जारज्जू वेगळा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा इजेवर स्टेम सेलचा वापर केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे कोणी लाखोंचे ‘पॅकेज’ सांगत असेल, तर चाचणीचा सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी क्रमांक आधी मागावा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरला कायदेशीर मान्यता आहे, मात्र तिचा अर्थ या जोडउपचाराला मान्यता असा होत नाही.